बाग वाढवण्याचा हुकूम

एका राज्यात वाईट शब्द बोलायला बंदी होती. शिव्यांना नव्हे हं! शिव्या तिथं सकाळपासून चालत, खुद्द प्रधानजी आपल्या घोड्याला अशा हासडत की ऐकणाऱ्यानं कान झाकावेत. बंदी होती ती अशुभाला. फुटणं, तुटणं, संपणं, मरणं, असलं काही तोंडातून काढायचं नाही. आता ही रीत आपल्याकडेही आहेच. देवापुढं नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतं. पण त्या राज्यात राजा शुभंकरानं रीतीचा कायदाच करून टाकला होता. दुकान बंद करायचं तर ते वाढवायचं, दिवा मालवायचा तर तोही वाढवायचा. एकदा भर दरबारात एक कारकून ‘तेल संपलं’ म्हणाला आणि त्याच वेळी बुरुजाचा एक दगड खाली आला. दगड पावसाळ्यापासून हलतच होता, पण ते राजाला सांगणार कोण?

राजाच्या गडात एक प्राणिबाग होती. शेजारच्या राजांनी मैत्रीखातर धाडलेली जनावरं तिथं नांदत. एक म्हातारा सिंह होता, दात पडलेला, त्याला सगळे सुभेदार म्हणत. चंद्रकोर नावाची हत्तीण होती. एक अस्वल होतं, त्याची कातडी बघून लोकांनी त्याचं नाव गोणपाट ठेवलं होतं. हरणं होती, पाणमांजरांची जोडी होती, आणि भल्यामोठ्या चोचीचा एक धनेश पक्षी होता. तो माणसासारखा बोले. साधंसुधं नव्हे, चांगलं दरबारी बोले, म्हणून त्याला कारभारी म्हणत.

या साऱ्यांची राखण करी सारजा. बापामागून हे काम तिच्याकडे आलं होतं. बाई गळ्यानं खणखणीत, भांडायला पुढं आणि रडायलाही पुढं. तिला ना नवरा ना मूल, जे काही होतं ते बागेत होतं. सुभेदार पिल्लू असताना त्याची आई आजारी पडली, तेव्हा सारजेनं त्याला मांडीवर घेऊन बोळ्यानं दूध पाजलं होतं. तेव्हापासून तिच्या पावलांचा आवाज आला की तो मांजरासारखा कूस बदलून पोट वर करी. एवढा मोठा सिंह, पण लाज म्हणून नाही.

अशात लढाई आली. कज्जल नावाचा मांत्रिक आजूबाजूच्या राज्यांत धुमाकूळ घालत फौज घेऊन आला आणि त्यानं गडाला वेढा घातला. समोरच्या टेकडीवर त्यानं एक काळा दिवा लावला. त्या दिव्याचा धूर वाऱ्याबरोबर गडावर येई आणि त्याची काजळी लोकांच्या डोळ्यांत बसे. ज्याच्या डोळ्यांत ती बसली, त्याला जिकडेतिकडे दात आणि नखं दिसू लागत. सगळ्यांत उंच होता राजवाडा, तेव्हा काजळी पहिली बसली ती राजाच्या डोळ्यांत.

राजा खिडकीत उभा राहून बागेकडे बघे आणि त्याला घाम फुटे. एके सकाळी तो प्रधानाला म्हणाला, “उद्या तटाला भगदाड पडलं, तर ही जनावरं सुटतील. शत्रूच्या आधी तीच आपल्या लोकांना खातील.”

प्रधान म्हणाला, “महाराज, ‘भगदाड’ म्हणू नये. ‘वाट’ म्हणावं.”

“वाट तर वाट. सारजेला बोलवा.”

सारजा दरबारात आली. आता गंमत ऐका. गेली कित्येक वर्षं ही बाई दर सणाला राजापुढं एकच रडगाणं गात होती, की महाराज, पिंजरे लहान पडतात, बाग वाढवा. प्रत्येक वेळी राजा ‘बघू’ म्हणे आणि विसरे. आज तिनं तोंड उघडायच्या आधीच राजा म्हणाला, “सारजे, बाग वाढवा. आजच्या आज.”

सारजेला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तिनं राजाचे पाय धरले, डोळ्यांना पदर लावला आणि मोठ्यानं म्हणाली, “महाराज, अहो, वेढा पडलाय, चहूकडून संकट, आणि तुम्हाला माझ्या मुक्या लेकरांची आठवण! तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.” मग ती धावतच निघाली. वाटेत भेटेल त्याला तिनं सांगितलं, राजा असावा तर असा. राजाला वाटलं, बाई फार समजूतदारपणे घेते आहे.

दुपारी प्रधानजी धापा टाकत आले. “महाराज, हरणं धोबीआळीत फिरताहेत! तिनं कुंपण काढून टाकलं! अस्वल तेल्याच्या ओट्यावर बसलंय!”

राजानं सारजेला परत बोलावलं. “हे काय चाललंय?”

“हुकुमाप्रमाणं चाललंय, महाराज. बाग वाढवते आहे. आज धोबीआळीपर्यंत नेली, उद्या कुंभारवाड्यापर्यंत नेते.”

प्रधानजी कळवळून म्हणाले, “अगं बाई, वाढवा म्हणजे वाढवा!”

“तेच तर करते आहे ना!”

आता आली का पंचाईत! खरा शब्द तर उच्चारायचा नाही. राजानं इकडेतिकडे बघितलं. देव्हाऱ्यापुढं नारळ होता. तो त्यानं उचलला आणि पायरीवर आपटला. नारळाची दोन शकलं झाली, पाणी वाहत सारजेच्या पायांशी आलं.

“असं वाढवायचं,” राजा म्हणाला.

सारजा त्या पाण्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या तोंडावरचा रंग उतरला. ती म्हणाली, “महाराज, सुभेदाराला मी या मांडीवर दूध पाजलंय.”

“ठाऊक आहे.”

“त्याला मी माझ्या हातानं...”

“शब्द काढू नकोस!”

“ज्या कामाचा शब्द काढायला तुम्हाला भीती वाटते, ते काम मी करू?” सारजेचा आवाज चढला, इतका की बाहेरचे पहारेकरी आत डोकावले. “महाराज, तुमचा हुकूम माझ्या कानी पडला तेव्हा त्याचा अर्थ एकच होता. मी तो डोक्यावर घेतला, गावभर तुमचं नाव केलं. आता तो फिरवायचा असेल तर साध्या शब्दात फिरवा. सगळ्यांच्या देखत बोला.”

राजानं तोंड उघडलं. मग त्याला बुरूज आठवला, कारकून आठवला, आणि त्यानं तोंड मिटलं. मग तो म्हणाला, “ठीक. तुझा अर्थ तुझ्यापाशी. पण तीन अटी आहेत. कोठारातला एक दाणा जनावरांना मिळणार नाही. गडाच्या विहिरीतला एक थेंब मिळणार नाही. आणि त्यांच्यापायी एकाही माणसाला ओरखडा उठता कामा नये. यातलं एक जरी चुकलं, तर मग माझा अर्थ चालेल.”

“चालेल,” सारजा म्हणाली, आणि बाहेर पडल्यावर भिंतीला टेकून रडू लागली. कारभारी उडत येऊन तिच्या खांद्यावर बसला आणि म्हणाला, “बाईसाहेब, रडणं आवश्यकच असेल तर त्वरेनं आटोपावं. कामं तीन आहेत.”

पहिलं काम अन्नाचं. सारजा घरोघर फिरली. “एकेक पाहुणा न्या हो घरी! भाजीची देठं, कोंडा, भांड्यातली खरवड, जे टाकाल ते खातील.” लोक आधी दारं लावून घेत. पण बाईचा गळा असा की दार लावूनही ऐकू येई. शेवटी मागावर विणणाऱ्या साळ्यानं दोन हरणं घेतली. तेल्याचा बैल म्हातारा झाला होता, त्यानं घाण्याला जुंपायला गोणपाटाला घेतलं. गोणपाटही शहाणा, पेंड मिळते म्हटल्यावर गोल गोल फिरू लागला. उरला सुभेदार. त्याला कोण घेणार?

तानक्का नावाची एक कुंभारीण होती, एकटीच राहत असे. ती म्हणाली, “माझी भट्टी वेढ्यामुळं थंडच आहे. राहील तिथं. घोरतो का गं?”

सारजा खोटं बोलली नाही. “घोरतो.”

“मग आण. माझे मालक गेल्यापासून घर फार गप्प झालंय.”

आणि सिंहाला खायला काय? तर पाणमांजरांनी खंदकात बुड्या मारायला सुरुवात केली. मासे आणून ती तानक्काच्या अंगणात टाकू लागली. सुभेदाराचं पोट भरूनही मासे उरत. ते मग शेजारी गेले, शेजारून आळीत गेले. कोठारातला दाणा जनावरांना मिळाला नाही हे खरं, पण जनावरांचे मासे माणसांना मिळाले. कोंडा देणाऱ्या बायका आता पाणमांजरांना हाका मारताना ‘या बायांनो’ म्हणू लागल्या.

दुसरं काम पाण्याचं. चंद्रकोर गडाच्या जुन्या कोरड्या तळ्यात जाऊन उभी राहिली. ती तळव्यांनी जमिनीचं बोलणं ऐके, तसं ऐकत ती सबंध दिवस उभी होती. मग एका जागी तिनं पायानं उकरायला घेतलं आणि सोंडेनं माती उपसली. पाणी लागलं. गोड पाणी! आणि बरं झालं हो ते, कारण त्याच आठवड्यात कज्जलानं मंत्र टाकून गडाच्या विहिरी शोषून घेतल्या. सगळा गाव घागरी घेऊन हत्तिणीच्या तळ्यावर आला. चंद्रकोर बाजूला सरकून उभी राही, बायकांची भरणी झाली की मग आपण पिई. राजवाड्याचा पाणक्याही तिथूनच कावड भरून नेई. राजा ते पाणी पिई, पण आलं कुठून ते विचारत नसे.

दोन अटी पुऱ्या झाल्या, गडावर कुणी उपाशी नाही, कुणी तहानलेलं नाही. टेकडीवर कज्जल संतापला. एका दुपारी कारभारी त्याच्या छावणीवरून उडून आला. त्याचे पंख कडेनं जळले होते.

“बाईसाहेब,” तो म्हणाला, “वार्ता ऐकावी. सुभेदारांच्या पिंजऱ्याखाली शिळा आहे. शिळेखाली कज्जलाच्या पूर्वजांचा खजिना आहे, आणि त्यावर शाप आहे. जो हात या जनावरांना भरवतो, त्याच हातानं त्यांचा जीव घेतला, तर शिळा उचलली जाईल आणि गड कज्जलाच्या स्वाधीन होईल. महाराजांना भय घालून त्यानं ते काम तुमच्याकडून करवून घ्यायचं ठरवलं होतं. आता तो दिव्याची वात मोठी करतो आहे.”

“मेल्याचं वाटोळं होवो,” सारजा म्हणाली. कायद्याची तिला आठवणही राहिली नाही.

बोलता बोलता आभाळ काळं झालं. भर दुपारी धूर गडावर उतरला आणि काजळी घराघरांत शिरली. साळ्यानं हरणाकडे पाहिलं तर त्याला लांडगा दिसला. तेल्यानं पहार उचलली. बायकांनी पाणमांजरांवर दगड उगारले. ज्या अंगणात काल लाड होत होते, तिथं काठ्या निघाल्या.

सारजा धावत तानक्काच्या घरी गेली आणि दारातच थबकली. काजळी तिच्याही डोळ्यांत बसली होती. भट्टीपाशी तिला सुभेदार दिसला नाही, एक अक्राळविक्राळ धूड दिसलं, सुळे परजणारं. भट्टीशेजारी सळई पडली होती. ती तिनं दोन्ही हातांनी उचलली.

आणि त्या धुडानं, तिच्या पावलांचा आवाज ऐकून, कूस बदलली आणि पोट वर केलं.

सारजेच्या हातातली सळई गळून पडली. “अरे माझ्या राजा,” ती म्हणाली, “आयुष्यभर तू मला आई समजलास, आणि मी काय करायला निघाले होते!” ती हमसून हमसून रडली, आणि डोळ्यांतल्या पाण्याबरोबर काजळी वाहून गालांवर आली. तिनं बघितलं, तर समोर म्हातारा, बोळक्या तोंडाचा सुभेदार जीभ काढून पडला होता.

बस्स! सारजा रस्त्यात आली आणि असा गळा काढला की टेकडीवर ऐकू जावा. “हात आवरा! आधी सांगा, तुमच्या घरी आलेल्यानं तुम्हाला काय दिलं? मोठ्यानं सांगा!”

तेली पहार उगारूनच उभा होता. तो म्हणाला, “यानं... यानं माझा घाणा ओढला. माझ्या बैलाला म्हातारपणी विसावा मिळाला.” हे म्हणताना त्याचे डोळे भरले आणि काजळी निघाली. समोर गोणपाट पेंड चघळत उभा. साळी म्हणाला, “माझी बाळंतीण लेक हरणांच्या अंगणात पहिल्यांदा हसली.” बायका म्हणाल्या, “यांच्या माशांवर आमची पोरं जगली.” आळीआळीत लोक रडत होते आणि डोळे पुसत होते. कुणाला ओरखडा उठला नाही.

पण धूर काही हटेना. कारण राजवाड्यात एक माणूस होता, त्यानं काही सांगितलं नव्हतं. तो भाला घेऊन खाली उतरला. काजळीनं आंधळा झालेला राजा शुभंकर चाचपडत कुंभारवाड्यात आला. “सिंह कुठं आहे? मीच वाढवतो त्याला!”

सारजा सुभेदारापुढं उभी राहिली. “महाराज, तुम्ही यांचं काय खाल्लं-प्यालं आहे?”

“काही नाही!”

तेव्हा तानक्का पुढं आली. साधी कुंभारीण, राजाशी कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, “महाराज, सकाळचं पाणी?”

राजा थांबला. “ते पाणी कुठलं?”

“चंद्रकोरीनं उकरलेलं. तुमच्या विहिरी केव्हाच आटल्या. एवढे दिवस सारा गड तिच्यामुळं जगतोय, तुमच्यासकट.”

राजाच्या हातातला भाला खाली टेकला. सारजा म्हणाली, “महाराज, जो शब्द घशात धरून बसला आहात, तो बोलून टाका. त्यानंच तुम्हाला इतकं भ्यायला झालंय.”

राजाचे ओठ हलले. प्रधानजी कानांवर हात ठेवायला धावले. राजा म्हणाला, “मी यांना मारायला सांगितलं होतं.”

सगळ्यांनी माना वर करून बुरुजाकडे बघितलं. दगड जिथल्या तिथं होते.

“मारायला!” राजा मोठ्यानं म्हणाला. “ठार मारायला! शब्द बोलायला भ्यालो आणि काम सांगायला भ्यालो नाही. आणि त्यांनी मला पाणी पाजलं.” मग तो राजा धुळीत बसला आणि मुलासारखा रडला. लढाईच्या दिवसांत राजानं रडू नये असाही कायदा होता. तोही वाहून गेला.

राजाचे डोळे धुतले गेले तसा धूर गडावरून उठला, उलटा फिरला आणि टेकडीवर गेला. काजळी कज्जलाच्या फौजेच्या डोळ्यांत बसली. शिपायांना एकमेकांच्या तोंडात सुळे दिसू लागले, आणि जो तो हत्यार टाकून आपापल्या घराकडे पळत सुटला. काळा दिवा फुटला. हो, फुटलाच. सुभेदाराच्या पिंजऱ्याखालची शिळा आपोआप सरकली. आतल्या सोन्याची काजळी झाली होती, ती वाऱ्यानं नेली. कज्जलाची विद्याही तिच्याबरोबर गेली आणि टेकडीवर नुसता एक तहानलेला म्हातारा उरला. तो गडाच्या दाराशी येऊन पाणी मागू लागला. चंद्रकोरीनं सोंडभर पाणी त्याच्या तोंडावर उडवलं. त्याचेही डोळे उघडले आणि तो हात जोडून आल्या वाटेनं निघून गेला.

वेढा उठला. बाजार भरला. राजानं पहिलं काम केलं, तो कायदा रद्द केला. दुसरं, गडाच्या प्रत्येक दारात जाऊन नमस्कार केला. तिसरं, जनावरांना बागेत परत आणायला माणसं पाठवली, तर निम्म्या घरांनी दारं लावून घेतली. तेली म्हणाला, गोणपाट कुठं जायचा नाही. पाणमांजरांसाठी बायका भांडायला उठल्या. राजा हसला आणि म्हणाला, “राहू द्या. बाग सगळीकडे आहे.” तो रोज सकाळी स्वतः तळ्यावर जाई आणि चंद्रकोरीचं पिऊन झाल्यावर आपली ओंजळ भरी.

सुभेदार तानक्काकडेच राहिला. भट्टी पेटू लागली, तो तिच्या उबेला पडून राही आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा घोरे. थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी घोरणं ऐकू आलं नाही.

सारजा दरबारात आली. तिनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, “महाराज, सुभेदार मेला.”

राजा सिंहासनावरून उठला. “कशानं?”

“म्हातारपणानं. झोपेत.”

त्या लढाईत काजळीच्या भयानं आजूबाजूच्या राज्यांतल्या बागाच्या बागा ओस पडल्या होत्या, त्यांच्याच राखणदारांच्या हातांनी. या बागेतला एकच प्राणी मेला, आणि त्याच्या वेळेला मेला. राजानं मुकुट काढून ठेवला आणि सुभेदाराला खांदा दिला. दुसऱ्या बाजूला तेली होता, साळी होता, प्रधानजी होते. कुंभारवाड्यात खड्डा चंद्रकोरीनं काढला. माती लोटायच्या आधी सारजा वाकली, त्याच्या आयाळीतून हात फिरवला आणि कानाशी हळूच म्हणाली, “बाळा, फार सुख दिलंस रे मला.”

सांगणारा दमला, ऐकणाऱ्यांनी आता जेवायला उठावं. ज्याचं त्याचं माणूस आणि ज्याचं त्याचं जनावर आपापल्या दारी सुखरूप येवो.